आर्सेनिकच्या पट्ट्यात प्यायचे पाणी कोठून आणावे

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हगवण व कॉलरा टाळण्यासाठी लोकांनी तळ्याचे पाणी सोडले आणि १९७०च्या दशकापासून गावोगाव उथळ हापसे बसले. पुढे त्यांतल्याच अनेक हापशांच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य निघाले. जुलाब दोन दिवसांत कळतात, आर्सेनिकला मात्र रंग, वास, चव काहीच नसते. काही वर्षांनी छातीपाठीवर काळसर कातडीत पावसाच्या थेंबांसारखे फिकट ठिपके उमटतात आणि तळहाता-तळपायांवर कडक कण येतात. कुदळ धरणारा माणूस ते घट्टे समजून सोडून देतो. त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाचा कर्करोग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी होऊ शकतो.

दारातला हापसा सर्वांत सोयीचा खरा. पण शेजारच्या दोन हापशांचे पाणीही सारखे नसते, म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी हवी. बांगलादेशात तपासणीनंतर तोटीला दिलेला रंग हिरवा असेल तर पाणी सुरक्षित आणि लाल असेल तर धोक्याचे. मात्र तेथील मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटना १० सांगते, त्यामुळे तोटी हिरवी दिसली तरी आकडा विचारावाच. १५० मीटरहून खोल गेलेल्या नळकूपाचे पाणी बहुधा चांगले असते. तो खर्च एका घराला झेपत नाही आणि हंडा घेऊन चालावे लागते, तरी माझे मत त्यालाच. आडात आर्सेनिक सहसा कमी असते, पण जंतू असतात, तेव्हा ते पाणी उकळून प्यावे. हापशाचे पाणी उकळण्याचा मात्र उपयोग नाही, कारण वाफ उडते आणि आर्सेनिक मागे राहून उलट दाट होते.

लोहावर आधारित गाळण्या काम करतात. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ गाळणीला २००७ साली ग्रेंजर पारितोषिकही मिळाले. अडचण एवढीच की आतला थर निकामी झाला तरी पाणी दिसायला तसेच राहते, त्यामुळे पाणी वरचेवर तपासून घेणार असाल तरच गाळणी घ्यावी.

अंघोळ आणि धुण्याला लाल तोटीचे पाणी चालते, कारण कातडीतून आर्सेनिक फारसे शिरत नाही. लांबून आणायच्या हंड्यांचा हिशेब करताना मात्र पिण्याबरोबर भाताचेही पाणी धरावे, कारण शिजताना तांदूळ पाण्यातले आर्सेनिक शोषून घेतो. चांगल्या पाण्यात सढळ हाताने शिजवून वेळलेल्या भातातून उलट तांदळातलेही काही आर्सेनिक पेजेबरोबर निघून जाते.