बाळ मांडीवर की वेगळी सीट? मुंबई-अमेरिका प्रवासासाठी
2 वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेता येतं आणि इंटरनॅशनल तिकिटाला साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या 10 टक्के पडतात, म्हणून बहुतेक जण तेच करतात, आम्हीपण मुलगी 7 महिन्यांची असताना तेच केलं. पुढच्या भिंतीसमोरची सीट आणि बॅसिनेट (त्या भिंतीला लावतात तो बाळाचा छोटा पाळणा) आधीच फोन करून मागून घेतलं होतं, त्यात ती छान झोपली, पण सीटबेल्टची लाईट लागली की बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं आणि गाढ झोपलेलं बाळ उठवायचं म्हणजे जीवावर येतं हो.

दुसऱ्यांदा ती 20 महिन्यांची होती, बॅसिनेटमध्ये मावणं शक्यच नव्हतं, मग वेगळी सीट घेतली आणि त्यावर कारसीट (गाडीत लावतात ती लहान मुलांची पट्ट्यांची सीट) लावली. महाग पडलं, खरंय. पण 15-16 तास अंगावर मूल नाही, हात मोकळे, जेवण गरम खाल्लं! आणि जोराचे धक्के बसले तर हातात धरलेलं मूल सुटू शकतं, अमेरिकेची विमानसुरक्षा बघणारी सरकारी संस्था एफएए पण कारसीटच सुचवते. फक्त कारसीटवर विमानात चालते असं लेबल आहे ना ते बघा.

परत येताना मूल 2 वर्षांचं पूर्ण होत असेल तर त्या फ्लाइटला सीट घ्यावीच लागते, तारखा नीट बघा.

माझं मत, वर्षाच्या आत बॅसिनेट, चालायला लागलं की सीटच. आणि मूल मांडीवर असो की सीटवर, विमान खाली उतरायला लागलं की दूध पाजा, कान दुखत नाहीत फारसे.