ट्रम्पेटला जड कॅप: आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर माझ्या बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या तिन्ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपांच्या, खालच्या कॅप (झाकणं) काढून जड पितळी कॅप बसवल्या. सोनाराच्या काट्यावर तोलून घेतल्या होत्या: जुन्या तिन्ही मिळून ३२ ग्रॅम, नव्या १४१. आवाज भरीव होईल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. लग्नाचा अख्खा सीझन वाजवून झालाय, म्हणून आता लिहितोय.

पहिल्याच दिवशी फरक जाणवला. वरचा जी हा सूर मला कायम दगा द्यायचा, ओठ जरा ढिले पडले की खालच्या ई वर घसरायचा. तो जागेवर बसायला लागला. पण लावणीत सूर ओढून घ्यायचा असतो, तिथे वाद्य अडून बसायचं. सुराला लवच नाही! शिवाय तीन तासांच्या वरातीत ते वाढीव शंभर ग्रॅम डाव्या मनगटात उतरतात.

समोरच्याला काय ऐकू येतं, हे मात्र मला नक्की करायचं होतं. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला हॉलच्या शेवटच्या रांगेत पाठ करून बसवलं आणि जुन्या-नव्या कॅप बदलत एकच ओळ दहा वेळा वाजवली. त्याने सहा वेळा बरोबर ओळखलं. डोळे मिटून सांगितलं असतं तरी पाच बरोबर आलेच असते. मुळात आवाज नळीतल्या हवेचा असतो, पितळ त्यासोबत थोडंसं थरथरतं इतकंच. अमेरिकेत रोलिन्स कॉलेजच्या थॉमस मूर यांनी ट्रम्पेटची बेल, म्हणजे पुढचं रुंद तोंड, वाळूच्या पिशव्यांनी दाबून मोजमाप केलं, तेव्हा फरक निघाला, पण लहानच. माझ्या हाताला आणि दातांना जे जाणवतं, ते रांगेतल्या माणसापर्यंत फारसं पोचत नाही.

याउलट बेलमध्ये साधा कप म्यूट (आवाज दबवणारं बूच) खोचला, तर रस्त्यावरचं पोरही मान वळवतं, कारण ती वस्तू थेट हवेच्या वाटेत येते. आवाज बदलायचा असेल, तर आधी पैसे म्यूटवर किंवा माउथपीसवर घाला, असं मी मनापासून सांगेन.

एक तक्रार आहे. मधल्या कॅपचं भोक फार बारीक आहे. पावसाळ्याच्या तोंडाला तेल आणि ओल साचून ते बुजलं आणि ऐन हळदीच्या कार्यक्रमात पिस्टन (व्हॉल्व्हमधला दट्ट्या) वर यायला आळस करू लागला. खाली हवेला वाटच नव्हती. घरी आल्यावर टाचणीने साफ केलं, काळा चिकट गोळा निघाला.

आता फक्त तिसऱ्या व्हॉल्व्हला जड कॅप ठेवलीय. जी बऱ्यापैकी बसतो, लावणीही वाजवता येते. तुम्ही घेणार असाल तर एकच घ्या, आणि दुकानातच आपल्या वाद्यावर फिरवून बघा. माझ्या एकीचे आटे पहिल्यांदा बसलेच नव्हते, बदलून आणावी लागली.