एफ-१५० ला मागे एअर बॅग: एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा वापरल्यानंतर

आमच्याकडे २०१८ चा फोर्ड एफ-१५० हा पिकअप ट्रक आहे, त्यामागे साडेपाच हजार पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर, आणि घर अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळ. म्हणजे पश्चिमेला कुठेही जायचं तर आधी घाट चढायचा. ट्रेलर जोडला की ट्रक मागून बसायचा, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायचे आणि खड्डा आला की मागून दण्णकन आवाज यायचा. म्हणून गेल्या ऑक्टोबरात एअर लिफ्टचं लोडलिफ्टर ५००० हे एअर बॅगचं किट घरच्या गराजमध्ये बसवलं. या अपघातात उघडणाऱ्या एअर बॅगा नव्हेत, मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या, हवा भरायच्या रबरी बॅगा. मी समाधानी आहे. पण या रबरी बॅगांकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी सांगतो, कारण पैसे वसूल होणार की नाही ते त्यावरच ठरतं.

किटच्या नावातला ५००० हा आकडा बॅगांची उचलायची ताकद सांगतो, पौंडांत. तुमच्या ट्रकची ताकद त्याने एका पौंडानेही वाढत नाही. अॅक्सल (चाकांचा आस) तोच, ब्रेक तेच, टायर तेच. ट्रकमध्ये किती वजन घालायचं ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आमच्या स्टिकरवर पंधराशे पौंडांच्या जरा वरचा आकडा आहे. चौघं माणसं, हिच (ट्रेलर अडकवायची मागची जोडणी), थोडं सामान आणि ट्रेलरचं टोक हिचवर टेकतं त्याचे सातशे पौंड धरले की तो जवळपास संपतो. बॅगा बसवल्यावर ट्रक सरळ उभा राहतो, म्हणून आणखी चार गोष्टी भरायचा मोह होतो. कृपा करून तो टाळा.

बसवायला एक शनिवार पुरला. बायको मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) पहिल्यापासून तिच्याच हातात होता. पुढच्या चाकांना अडसर लावला, जॅकने मागची बाजू उचलून स्टँड चेसिसखाली दिले. अॅक्सल खाली लोंबू द्यायचा, म्हणजे मधे हात घालायला जागा होते. मग चेसिसखालचा बंप स्टॉप, म्हणजे दणका झेलणारा रबरी ठोकळा, काढला आणि त्याच्या जागी बॅग आली. खालचा ब्रॅकेट अॅक्सलवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळ बसतो. कुठेही भोक पाडावं लागलं नाही. वेळ खातात त्या ब्रेकच्या नळ्या आणि पार्किंग ब्रेकची केबल. ब्रॅकेट त्यांना चिमटत तर नाही ना, हे आरशात बघून, बोट फिरवून खात्री करायची. फुगलेल्या बॅगेभोवती चहूकडे बोटभर मोकळी जागा हवी. सायलेन्सर ज्या बाजूने जातो तिकडे पत्र्याचं हीट शील्ड लावायचंच.

हवेची ट्यूब कापायला साधी कात्री नको. टोक काटकोनात आणि गुळगुळीत कापलेलं असलं तरच जोडात नीट बसतं. हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. डाव्या वॉल्व्हपाशी बारीक बुडबुड्यांची एक माळ सावकाश वर यायला लागली. हवा सोडली, जोडाची रिंग दाबून ट्यूब बाहेर ओढली, टोक नव्याने कापून परत खोचलं. बुडबुडे गेले, ते आजतागायत. चाकाचे नट १५० फूट-पौंडांवर आवळले, आणि पाचशे मैलांनंतर किटचे सगळे बोल्ट पुन्हा तपासले.

दोन्ही बॅगांच्या ट्यूब वेगळ्या ठेवल्या, दोन वॉल्व्ह नंबर प्लेटशेजारी. टी आकाराचा जोड लावून दोन्ही बॅगांना एकच वॉल्व्ह करता येतो, पण मग वळणावर दाबल्या गेलेल्या बॅगेतली हवा दुसऱ्या बॅगेत पळते आणि ट्रक जास्त कलतो. घाटात राहणाऱ्याने तो विचारच करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टोकावर सातशे पौंड असले तरी मागच्या अॅक्सलवर जवळजवळ हजार येतात, कारण हिच अॅक्सलच्या बरंच मागे असतं. अॅक्सल टेकू धरून तरफेसारखं पुढच्या चाकांवरचं तीनशेच्या आसपास वजन उचललं जातं. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. बॅगेत कितीही हवा भरा, हे वजन पुढे परत जात नाही. ट्रक फक्त सरळ दिसतो. वजन पुढे परत ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं, म्हणजे ताण देणारे बार असलेल्या हिचचं. मी बॅगेत कमीत कमी हवा ठेवून ट्रेलर जोडतो, पुढच्या चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजत हिचचे बार लावतो, आणि मग मागची उरलेली बसकण हवेने काढतो. एकदा हायवेवरच्या कॅट नावाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊन प्रत्येक अॅक्सलचं वजन घ्या, पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. डोळ्यांना सरळ वाटणाऱ्या ट्रकची पुढची चाकं किती हलकी झालीत ते तिथे कागदावर दिसतं.

यूएस २८५ या महामार्गाने केनोशा पास हा घाट ओलांडून ग्रेट सँड ड्यून्स या राष्ट्रीय उद्यानाला जाताना फरक स्पष्ट जाणवतो. मागचा दणका गेला, मोठा ट्रक शेजारून गेला की येणारा हेलकावा कमी झाला, आणि रात्री समोरून कोणी लाइट मारत नाही. ट्रेलर नसताना मात्र मागची चाल थोडी कडक झाली आहे. खडीच्या कच्च्या रस्त्यावर ते कळतं, डांबरी रस्त्यावर नाही.

बॅगेत किमान ५ पीएसआय (दाबाचं माप, टायरला असतं तेच) हवा कायम हवी, नाहीतर रबर दुमडून चिमटलं जातं. थंडीत दाब आपोआप उतरतो, म्हणून हिवाळ्यात मी १० ठेवतो. बॅगेत हवाच थोडी असते, त्यामुळे गेज लावला की दोन-तीन पीएसआय तिथेच निसटतात. रोज मोजत बसलात तर उगाच बॅग गळतेय असं वाटेल. मी महिन्यातून एकदा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी बघतो.

केबिनमधून चालणारा कॉम्प्रेसर जवळपास किटच्याच किमतीत येतो. आमचा ट्रेलर एकच, वजन दरवेळी तेच, त्यामुळे सायकलच्या पंपावर भागतं. ज्यांच्या ट्रकमध्ये आज विटा, उद्या बोट असं चालतं, त्यांनी तो सुरुवातीलाच घ्यावा, कारण बॅगा बसवताना ट्यूब ओढणं सोपं जातं.