प्लायवूडची चासी: नऊ महिने चालवल्यावर

सांगलीत माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. भाचा इंजिनिअरिंगला. गेल्या दिवाळीत त्याच्या डोक्यात गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची बुटकी, उघडी, छोटी गाडी, बनवायचं खूळ शिरलं. मी म्हटलं, पाइप आणू, कुपवाडच्या एमआयडीसीत कोणीही वेल्डिंग करून देईल. तर म्हणतो, "मामा, घरात प्लायचा ढीग असताना लोखंड कशाला?" पुरावाही घेऊन आला होता. ब्रिटनमध्ये १९५९ साली सुरू झालेल्या मार्कोस कंपनीच्या सुरुवातीच्या गाड्यांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायवूडची होती. ती आखणारा फ्रँक कॉस्टिन आधी डी हॅविलँड या विमान कंपनीत होता, आणि त्याच कंपनीनं दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो हे लाकडी विमान बनवलं होतं. विमान उडतं म्हटल्यावर मी काय बोलणार.

डिसेंबरच्या मध्याला गाडी उभी राहिली. तेव्हापासून साधारण ४५ तास चालली असेल. तासगावला दाजींच्या बेदाणा शेडपुढं काँक्रीटचं पटांगण आहे, तिथंच चालवतो. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नसते. फेब्रुवारी ते एप्रिल पटांगण बेदाण्याचं, त्यामुळे तेवढे महिने सक्तीची विश्रांती.

रचना थोडक्यात: दोन लांब पट्ट्या, प्रत्येकी ३६ मिमी जाड आणि १०० मिमी उंच, ६ मिमीचे सहा थर चिकटवून केलेल्या. तशाच चार आडव्या. खाली १२ मिमीचा तळ. इंजिन बंद पडलेल्या पॉवर वीडरचं (तण काढायच्या यंत्राचं), चाकं जुन्या चेतक स्कूटरची १० इंची, मागचा एक्सल २५ मिमी ईएन-८ पोलादाचा, त्याला बैठकीसकट येणारं यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंग. चेनची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, इंजिनाकडे १२ आणि एक्सलवर ६० दातांचे. हिशेबानं इंजिनाच्या मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ताशी ५८ किलोमीटरचा वेग निघतो, मोबाइलवर आम्ही ४१ पाहिलाय. पटांगण संपतं.

आधी एक भ्रम काढून टाकतो, माझाही होता. लाकूड म्हणजे हलकं. आमची चासी काट्यावर २४ किलो भरली. भाच्याच्या कॉलेजच्या टीमची पाइपची फ्रेम १८ किलोची आहे. खर्च चासीपुरता नऊ हजारांच्या आसपास, पाइपची निम्म्याहून कमीत झाली असती. पैसा किंवा वजन वाचवायला कोणी हे करत असेल तर करू नये.

मग मिळालं काय? हात बधिर होत नाहीत. एक सिलिंडरचं इंजिन लोखंडी फ्रेमवर बसवलं की स्टिअरिंगमधून मुंग्या येतात. इथं ती थरथर लाकूड गिळतं. अर्धा तास चालवून उतरलं तरी चहाचा कप हातात स्थिर राहतो. माझ्या मते एवढं एकच खरं सुख, पण ते मोठं आहे.

आता प्लायबद्दल. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१० या मानकाचा शिक्का असलेलाच घ्या, आणि शिक्क्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्या प्रतीला ७२ तास उकळण्याची चाचणी असते. मी आईनं टाकून दिलेल्या पातेल्यात दोन दुकानांतले तुकडे चार तास उकळले. एकाचे थर पुस्तकासारखे उघडले. घरात दोन दिवस वास, आणि आईचं "आता जेवायलाही प्लायच वाढू का" हे आठवडाभर. दुसरं, आत पोकळी आहे का ते ठोकून बघा. माझं लहानपण मिरजेत सतारमेकरांच्या शेजारी गेलं. ती माणसं भोपळा हातात घेऊन टिचकी मारतात आणि बाजूला ठेवतात, एक शब्द बोलत नाहीत. प्लायचंही तसंच. चांगल्या शीटवर नाणं टणटण वाजतं, कोअरमध्ये, म्हणजे आतल्या थरांत, फट असली की तिथं बद्द आवाज येतो. एका शीटमध्ये तीन जागा सापडल्या. त्या खडूनं आखल्या आणि कापताना वगळल्या.

सगळ्यात महाग पडली ती माझी सुतारकीची सवय. आपल्याला शिकवलेलं असतं की क्लॅम्प जितका घट्ट तितका जोड पक्का. पांढऱ्या गोंदाला ते चालतं. आम्ही वापरलेल्या इपॉक्सीला, म्हणजे दोन रसायनं कालवून होणाऱ्या गोंदाला, नाही. मी पहिल्या पट्टीला दहा क्लॅम्प लावून जीव खाऊन आवळले, कडेनं सगळं रसायन गळून गेलं आणि जोड उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी दोन विटांवर आडवी ठेवून वर उभा राहिलो तर चर्र करून मधूनच उकलली. थरांमध्ये बघितलं तर कोरडं लाकूड, चमक नाही. नंतरच्या पट्ट्यांना नुसतं थर एकमेकांना टेकतील एवढंच दाबलं. त्यातली एकही आजवर उघडलेली नाही.

मग पांढराच गोंद का नाही, असं मला तीन मिस्त्रींनी विचारलं. तो सतत ओझ्याखाली हळूहळू सरकतो. शेल्फ मधून झोळ खातं ना, तसंच. आणि इपॉक्सी एका वेळी थोडंच कालवा. आम्ही घाईनं मोठा पेला भरून कालवलं. पाचव्या मिनिटाला पेला गरम, सातव्या मिनिटाला धूर, आणि प्लास्टिकचा तळ वितळून सगळं फरशीवर. तो ढेकूळ अजून तिथंच आहे, छिन्नीलाही दाद देत नाही.

पहिल्यांदा चालवली तेव्हा गाडी वळेचना. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक सरळ. कार्टला डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी यंत्रणा) नसतं, दोन्ही मागची चाकं एकाच एक्सलवर, म्हणून वळणात आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं. कार्टला सस्पेन्शनही नसतं, चासीनंच थोडं पिळलं पाहिजे. आम्ही मात्र ताकदीच्या नादात वरून ६ मिमीचं झाकण चिकटवून बंद पेटी केली होती. बंद पेटी पिळत नाही. चपलांच्या खोक्याला झाकण चिकटवून पिळून बघा, आणि मग झाकण काढून. भाचा दोन रात्री गणितं करत बसला. जानेवारीत मी जिगसॉ घेऊन झाकण कापून काढलं. त्याच संध्याकाळी गाडी वळायला लागली, आणि दीड किलो वजनही गेलं.

मे महिन्यात चेन पडायला लागली. ताणावी, तासाभरात पुन्हा सैल. शेवटी इंजिन उतरवलं तर सायलेन्सरकडच्या बोल्टांचे वॉशर लाकडात तीन मिलीमीटर रुतलेले. साधं, गरम न करता सेट होणारं इपॉक्सी ५०-६० अंशांपुढं मऊ पडायला लागतं. आमच्या चासीला भाच्यानं हौसेनं काळा रंग दिलेला, वर मेचं ऊन, बाजूला सायलेन्सर. हात टेकवत नव्हता. आता चासी पांढऱ्या ऑइल पेंटची आहे (भाच्याच्या भाषेत "दूधवाल्याची गाडी"), आणि सायलेन्सर आणि लाकूड यांच्यामध्ये १२ मिमी हवा सोडून ॲल्युमिनियमचा पत्रा आहे.

तेव्हाच सगळे बोल्ट नव्यानं बसवले. १० मिमीच्या बोल्टला १६ मिमीचं भोक पाडायचं, त्यात इपॉक्सी आणि सँडिंगचं बारीक पीठ कालवून ठासायचं, घट्ट झालं की मधोमध १० चं भोक. बोल्ट लाकडाला शिवतच नाही, पाणीही आत जात नाही. वर ४० मिमीचे वॉशर. इंजिनखाली तर लोखंडी नळीचे तुकडेच घातलेत, म्हणजे बोल्ट आवळला तरी लाकूड चेपत नाही. त्यानंतर चार महिने झाले, पाना लावून बघतो, पण हलत नाहीत.

पावसाळ्यात ताडपत्री टाकून ठेवली, ही शेवटची चूक. ताडपत्रीखाली दमटपणा कोंडला. सगळ्या कडा इपॉक्सीनं बंद केल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. पण डाव्या बाजूला चेन गार्डसाठी ऐन वेळी पाडलेलं एक ६ मिमीचं भोक तसंच उघडं राहिलं होतं. त्याच्याभोवती रुपयाएवढा भाग फुगलाय, काळा पडलाय, नाण्यानं ठोकलं की बद्द वाजतो. सध्या गाडी शेडमध्ये दोन दोरांवर टांगलीय, वारा लागावा म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला की तेवढा भाग कोरून काढायचा आणि तिरका तुकडा बसवायचा. दाजी विचारतात, आता तरी पाइपची करणार का. भाच्यानं इतक्यात १२ मिमीची आणखी एक शीट उतरवून घेतलीय.