फ्रेड अस्टेअरचे तीन संगीतपट: सुरुवात कुठून करावी?

हॉलिवूडचा नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअर याचे चित्रपट पाहायचे ठरवले, की नव्या प्रेक्षकापुढे साधारणपणे तीन नावे येतात: 'टॉप हॅट' (१९३५), 'स्विंग टाइम' (१९३६) आणि 'द बँड वॅगन' (१९५३). पहिले दोन आरकेओ स्टुडिओचे, कृष्णधवल आणि जिंजर रॉजर्सबरोबरचे. तिसरा एमजीएमचा, रंगीत आणि सिड शरीसबरोबरचा. माझ्या मते सुरुवात 'टॉप हॅट'पासून करावी, मात्र नृत्य हेच मुख्य आकर्षण असेल तर 'स्विंग टाइम' आधी पाहायलाही हरकत नाही. छतावरच्या नाचासाठी गाजलेला 'रॉयल वेडिंग' (१९५१) येथे धरलेला नाही, कारण फिरत्या खोलीत चित्रित केलेली ती करामत आणि आणखी एखादा नाच वगळला, तर तो बेताचाच आहे.

तिन्ही चित्रपटांच्या कथा किरकोळ आहेत. गाण्यांच्या चित्रपटांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला त्याचे नवल वाटणार नाही. वेगळे वाटेल ते चित्रीकरण. नाचताना आपण डोक्यापासून पावलांपर्यंत चौकटीत दिसलो पाहिजे आणि मध्ये दृश्ये शक्यतो तोडली जाऊ नयेत, असा अस्टेअरचा आग्रह असे, त्यामुळे चूक झाकायला जागाच उरत नाही. म्हणूनच या चित्रपटांची तुलना करताना नाच किती अवघड आहे यापेक्षा तो कथेतले कोणते काम करतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

'टॉप हॅट'मध्ये नायिका नायकाला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते आणि हा गैरसमज लंडनपासून स्टुडिओत उभारलेल्या व्हेनिसपर्यंत ताणला जातो. तो इतका का ताणावा, असा प्रश्न पडतो खरा, पण एडवर्ड एव्हरेट हॉर्टन आणि एरिक ब्लोर यांच्या विनोदामुळे कंटाळा येत नाही. अर्व्हिंग बर्लिनच्या गाण्यांपैकी 'चीक टू चीक' सर्वांत प्रसिद्ध आहे आणि त्यात रॉजर्सच्या पोशाखाची पिसे गळतानाही दिसतात. मला मात्र पावसात अडकलेल्या दोघांचा, बागेतल्या मंडपातला नाच अधिक आवडतो: ती त्याची पावले आधी थट्टेने गिरवते, मग बरोबरीने नाचू लागते आणि शेवटी दोघे हस्तांदोलन करतात. ती त्याच्याकडे ओढली गेली आहे, हे संवादाविना कळते.

जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित 'स्विंग टाइम' सुरुवातीला रेंगाळतो आणि पहिला नाच येईपर्यंत धीर धरावा लागतो. त्यानंतर जे मिळते, ते 'टॉप हॅट'मध्येही नाही. जेरोम कर्न आणि डोरोथी फील्ड्स यांच्या 'द वे यू लुक टुनाइट' या गाण्याला ऑस्कर मिळाले, पण चित्रपटाचा कळस म्हणजे 'नेव्हर गॉना डान्स'. ताटातुटीच्या या नाचात आधीच्या नाचांच्या पावलांची आठवण जागवत दोघे एकमेकांना धरू पाहतात आणि सोडतात. त्याच्या शेवटच्या भागासाठी चाळीसहून अधिक टेक झाले आणि रॉजर्सच्या पायांतून रक्त आले, असे सांगितले जाते. पडद्यावर त्या कष्टांचा मागमूसही नाही. याच चित्रपटात बिल रॉबिन्सन या कृष्णवर्णीय नर्तकाला मानवंदना म्हणून अस्टेअर चेहरा काळा रंगवून नाचतो. तीन सावल्यांची युक्ती कल्पक असली, तरी ते रंगवणे आज खटकते, आणि मुलांबरोबर पाहणार असाल तर त्याविषयी आधी बोलून घ्यावे.

व्हिन्सेंट मिनेलीचा 'द बँड वॅगन' तिघांत सर्वांत समंजस आहे. पन्नाशी ओलांडलेला अस्टेअर यात उतरती कळा लागलेल्या चित्रतारकाची भूमिका करतो. नायिका बॅले नर्तकी आहे. तिची उंची आपल्याला झाकोळून टाकेल, अशी त्याला भीती वाटते आणि आपले दोघांचे जमणार नाही, असे दोघांनाही वाटत असते. सेंट्रल पार्कमध्ये ते नुसते चालत असतात आणि त्या चालण्याचाच हळूहळू नाच होतो. गाण्याचा एक शब्दही नसताना त्यांचा अवघडलेपणा गळून पडतो. त्यामानाने शेवटाकडचा गुन्हेगारी कथांच्या विडंबनाचा बॅले चमकदार असला, तरी लांबतो. कृष्णधवल चित्रपट सोसत नसतील, तर येथून सुरुवात करता येईल. मात्र चित्रपटाच्या आरंभी नायकाच्या उंच टोपीचा (म्हणजेच 'टॉप हॅट'चा) आणि छडीचा लिलाव होतो आणि कोणी बोली लावत नाही. 'टॉप हॅट' न पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यातली बोच जाणवणार नाही.