समुद्राची परिषद बेळगावात: मुलांना घेऊन गेलो, त्याचा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. खाडी आणि किनारा पूर्ववत करण्याच्या शास्त्रावर बेळगावात दोन दिवसांची विभागीय परिषद आहे असं कळलं, तेव्हा नववीची सात मुलं घेऊन गेलो. शिक्षकांना ६०० रुपये, मुलांना २००. त्यातच जेवण आणि दुसऱ्या दिवशीची गोव्याची सहल. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो.

पहिल्या दिवशी सकाळची सगळी भाषणं इंग्रजीत झाली. पडद्यावरचे आलेख भराभर सरकत होते आणि आमची मुलं नुसती चित्रं उतरवून घेत होती. माझा जीव तुटत होता.

जेवणानंतर कांदळवनावरचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलावरचं सत्र मात्र अप्रतिम. केंद्राने ५ जून २०२३ ला मिष्टी योजना सुरू केली. ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन उभं करायचं तिचं उद्दिष्ट. पण रोपं लावली म्हणजे झालं असं नाही, हे वक्त्या बाईंनी नीट पटवून दिलं. उघड्या चिखलात, जिथे पाणी फार वेळ साचून राहतं, तिथे रोपं गुदमरून मरतात. बांधामुळे भरती अडली असेल तर आधी पाण्याला वाट द्यायची. जवळपास जुनी झाडं असतील तर बी पाण्याबरोबर आपणहून येतं, आपल्या जागी रुजतं. कांदळाचं बी झाडावरच कोंब धरतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं. त्यांनी आणलेली ती शेंग सातही मुलांनी हातात घेऊन पाहिली.

मग कारवारकडचे एक वयस्क मच्छीमार कोकणीत बोलले. कोळंबीची पिल्लं कुठे वाढतात, जाळं कुठे टाकायचं नाही. आमची मुलं पुढे सरकून ऐकू लागली, एकाही शब्दाला अडली नाहीत. त्यांना दहाच मिनिटं दिली होती. तासभर द्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरून रायबंदरला फेरीबोट धरली आणि चोडण बेटावर गेलो. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण ओहोटीला तिवराची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसली आणि मुलं गप्प झाली. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांनी वर श्वास घेतं. पुस्तकातली एक ओळ मी वीस वर्षं शिकवतोय. ती स्वतः पाहिली त्या दिवशी.

आता खटकलेली गोष्ट. चोडणच्या बाजूने वाहते ती मांडवी, म्हणजे आमची म्हादई. ती आमच्याच तालुक्यात देगावजवळ उगम पावते. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी कमी झालं की समुद्राचं खारं पाणी खाडीत आतवर चढतं, आणि कुठलं झाड कुठे तगेल ते या मिश्रणावर ठरतं. २०१८ च्या लवाद निवाड्याने कर्नाटकाला म्हादईचं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यावर कर्नाटक आणि गोव्यात काय वाद आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण परिषद बेळगावात भरवून उगमाकडच्या पाण्यावर आणि जंगलावर एकही सत्र नाही? मी उठून विचारलं. वेळ नाही म्हणाले. उगमाकडच्या कणकुंबी गावची एक मुलगी परतीच्या गाडीत मला म्हणाली, "सर, आमच्या गावातनं कुणालाच का नाही बोलवलं?"

जेवण साधं, चांगलं. स्वच्छतागृहं स्वच्छ. वेळापत्रक दोन्ही दिवस तासभर मागे पडलं, त्यामुळे शेवटची बस हुकायची वेळ आली. लांबून येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय बघून ठेवावी. पुढच्या खेपेला मराठी, कानडी आणि कोकणी सत्र ठेवा आणि एक दिवस कणकुंबीला न्या, असं पत्र आयोजकांना पाठवलंय. उत्तर काहीही येवो, नाव मी नोंदवणार आहे, आणि या वेळी आठवीची मुलंही नेणार आहे.