लॉग इंटरप्रिटेशनचा कोर्स, सात महिन्यांनी: आरडब्ल्यूचं तापमान कुणी लिहायचं?

लॉग म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेली खडकाची मोजमापं; ती वाचून तेल किती ते काढायला हा कोर्स शिकवतो. त्याच्यासोबत मिळालेलं सहा महिन्यांचं सॉफ्टवेअर लायसन्स मुदत संपताच बंद पडलं. नूतनीकरणाला कोर्सच्या जवळपास निम्मी फी, वर १८ टक्के जीएसटी. एवढे पैसे घालण्यापेक्षा सरावाच्या विहिरीचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला, तर वॉटर सॅच्युरेशन (खडकाच्या पोकळ्यांतला पाण्याचा वाटा, उरलेलं तेल) ५० टक्के आलं. कोर्सच्या सरावाच्या वहीत मागे दिलेलं उत्तर ३१. सूत्र तेच आर्चीचं (खडकाचा वीजविरोध आणि पोकळ्या यांवरून पाण्याचा वाटा काढणारं), आकडेही वहीतलेच.

आधी संशय एक्सेलवर, मग सॉफ्टवेअरवर. दोन्ही निर्दोष निघाले. वहीत आरडब्ल्यू (थरातल्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे वीजविरोध) ०.१० ओहम-मीटर दिलाय, पण कुठल्या तापमानाला ते दिलेलं नाही. पाण्याच्या नमुन्याच्या रिपोर्टात अगदी तळाला बारीक अक्षरात २५ अंश सेल्सिअस लिहिलंय. थर आहे १०० अंशांवर. खारं पाणी तापलं की त्यातून वीज सहज वाहते, रेझिस्टिव्हिटी उतरते. तापमानानुसार रेझिस्टिव्हिटी बदलून देणाऱ्या अर्प्सच्या सूत्राने ०.१० ला (२५ + २१.५) ने गुणायचं आणि (१०० + २१.५) ने भागायचं, की ०.०३८ येतो. पोरॉसिटी (खडकातल्या पोकळ्यांचं प्रमाण) २० टक्के, आरटी (थराची स्वतःची रेझिस्टिव्हिटी) १० ओहम-मीटर, आणि सूत्रातले खडकानुसार ठरणारे आकडे: ए १, एम आणि एन २. आता आर्ची लावा, बरोबर ३१ येतात. सॉफ्टवेअर लॉगच्या हेडरमधलं (सुरुवातीच्या माहितीतलं) विहिरीच्या तळाचं तापमान बघून ही दुरुस्ती न सांगता करून टाकतं, आणि वहीतली उत्तरं त्याच्यातूनच उतरवलेली. म्हणजे लायसन्स चालू होतं तोवर शिकवण्यातलं भोक झाकलेलं होतं.

एवढ्याशा गोष्टीवर इतकं का अडून बसायचं? १०० एकर क्षेत्र, ३० फूट नेट पे (थराची तेल देणारी जाडी), बीओ (तेल वर आल्यावर आकसतं त्याचा गुणक) १.२ धरा. एकर-फुटांचे बॅरल करणारा ७७५८ चा गुणक लावून ५० टक्क्यांवर जागेवरचं तेल १९.४ लाख बॅरल भरतं, ३१ टक्क्यांवर २६.८ लाख. खडक तोच, लॉग तोच. फरक फक्त एका न लिहिलेल्या तापमानाचा.

बाकीचा अभ्यासक्रम बरा आहे, काही ठिकाणी चांगलाच. डेन्सिटी लॉगवरून पोरॉसिटी काढताना मॅट्रिक्सचा (पोकळ्या सोडून निव्वळ खडकाच्या घनतेचा) आकडा हाताने भरायला लावतात ते उत्तम. लॉगवरच्या २.३२ घनतेला सँडस्टोनचा २.६५ धरला तर २० टक्के, चुकून लाइमस्टोनचा २.७१ राहिला तर जवळपास २३. कॅलिपर (भोकाचा व्यास मोजणारं उपकरण) आधी बघायची सवयही लावतात. साडेआठ इंची बिटच्या भोकात कॅलिपर ११ दाखवत असेल, तर डेन्सिटीचा पॅड भिंतीला नीट टेकत नाही, मधला ड्रिलिंगचा चिखल मोजला जातो आणि पोरॉसिटी फुगते. लॉगचे आकडे साठवणाऱ्या एलएएस फाइलमधला -९९९.२५ हा आकडा म्हणजे 'मोजमाप नाही', एवढंही सांगतात. तो गाळल्याशिवाय सरासरी काढली की काय होतं ते एकदा करून बघाच. शेल व्हॉल्यूमला (खडकातल्या चिकणमातीच्या प्रमाणाला) मात्र अर्धा तास, तोही गॅमा रे (नैसर्गिक किरणोत्सर्गाचा लॉग) त्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो असं धरून.

सिंहगडाच्या फील्ड ट्रिपबद्दल मत बदलावं लागलं. ब्रोशरमध्ये वाचताना वाटतं, डेक्कन ट्रॅपच्या लाव्हातून झालेल्या बेसाल्टमध्ये तेलाचं काय शिकवणार, पिठलं-भाकरीचाच कार्यक्रम. (गुजरातेत पादरा इथे याच बेसाल्टच्या भेगांतून तेल मिळतं, हे तिथे कुणी सांगितलं नाही ही गोष्ट वेगळी.) पण तिथला फुगे-फुगे असलेला दगड हातात घेऊन बघा. पोकळ्या भरपूर, काहींत पांढरं झिओलाइट खनिज बसलेलं, आणि एकीतून दुसरीत जायला वाट नाही. पोरॉसिटी आहे, पण वीज वाहायला रस्ता नाही. अशा सुट्या पोकळ्यांच्या लाइमस्टोनमध्ये एम २ च्या वर का जातो, ते स्लाइडवर तीनदा वाचून कळत नाही, इथे एका दगडात कळतं. मुंबई हायचं तेल लाइमस्टोनमधलंच, तेव्हा हा धडा आपल्याकडे कामाचा. वरच्याच उदाहरणात एम २.२ केला तर ३१ चे ३६ होतात.

तरी नूतनीकरणाचे पैसे देऊ नका. नॉर्वेच्या वोल्वे तेलक्षेत्राचा डेटा इक्विनॉर कंपनीने २०१८ पासून खुला केलाय, एलएएस वाचायला पायथनची लासिओ लायब्ररी फुकट आहे, आणि आर्ची एक्सेलच्या एका रकान्यात मावतो. फी भरण्याआधी मात्र सरावाची वही मागून घ्या आणि आरडब्ल्यूच्या शेजारी तापमान छापलंय का तेवढं बघा.

तक्रारीवर 'सुधारित आवृत्ती पाठवतो' असं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पाठोपाठ पीडीएफही आली. मुखपृष्ठावर नवं वर्ष, आत आरडब्ल्यू ०.१०, शेजारी काही नाही.